रोज पाच किलोमीटर पळूनही उत्तरार्धात दम का लागतो?

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. आमच्या १७ वर्षांखालील मुलींचा हँडबॉलचा संघ गेली २ वर्षे जिल्ह्यात पहिला येतो आणि विभागीय स्पर्धेत हरतो. दोन्ही वेळा पूर्वार्धात आम्ही पुढे होतो आणि उत्तरार्धात मुलींचे पाय गळाले. म्हणून या वर्षी जूनपासून मी त्यांना रोज पहाटे डांबरी रस्त्यावर ५ किलोमीटर पळवते आणि संध्याकाळी दीड तास खेळाचा सराव घेते. तरीही दम वाढल्यासारखा वाटत नाही. उलट गेल्या आठवड्यात एका मुलीचा गुडघा जंप शॉट (उडी मारून हवेतून केलेली फेक) मारून उतरताना मुरगळला, आणि कर्णधाराचा उजवा खांदा महिनाभर दुखतो आहे. शाळेत जिम नाही आणि मुलींनी वजने उचलू नयेत असे पालकांचे म्हणणे आहे. स्पर्धेला १० आठवडे उरले आहेत. पळणे आणखी वाढवावे का? – एक क्रीडाशिक्षिका

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

पळण्याच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी ज्या मुलीचा गुडघा मुरगळला तिच्याविषयी लिहिते, कारण तिचे काम खोळंबून ठेवण्यासारखे नाही. उतरताना गुडघ्यातून ‘कट’ असा आवाज आल्याचे किंवा आत काहीतरी सरकल्याचे तिला जाणवले असेल आणि पुढच्या काही तासांतच गुडघा सुजला असेल, तर ज्याला खेळाडू एसीएल म्हणतात तो गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटल्याची शंका घ्यावी लागते. सूज यथावकाश ओसरते, मुलगी चालू-फिरू लागते, सरळ रेषेत पळूही शकते, आणि तिथेच सगळ्यांची फसगत होते. पुढे कधीतरी एकाएकी वळताना तोच गुडघा दगा देतो आणि मग आतली गादीही फाटते. तिला मालीश करणाऱ्याकडे किंवा हाडे बसवणाऱ्याकडे न नेता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि त्यांनी तपासून सांगेपर्यंत तिला हलक्या सरावासाठीही मैदानात उतरवू नये. अस्थिबंध खरोखरच तुटला असेल आणि शस्त्रक्रिया झाली, तर खेळात परतण्यापूर्वी किमान ९ महिने जावे लागतात. हे ऐकायला जड जाईल, पण ते तिच्या आईवडिलांना आजच सांगितलेले बरे.

आता तुमचा मूळ प्रश्न. पळणे वाढवू नका. रोजचे ५ किलोमीटर बंदच करा, असे मी म्हणेन, आणि त्या पहाटेच्या वेळेत मुलींना थांबायला शिकवा. दौडीने मुलींच्या हृदयाला आणि फुप्फुसांना काहीच मिळाले नाही असे नाही. तो पाया झाला आहे आणि तो उपयोगी पडेल. परंतु उत्तरार्धात गळणारे पाय, मुरगळलेला गुडघा आणि काही अंशी तो दुखरा खांदासुद्धा या तीन वेगवेगळ्या तक्रारी नसून एकाच उणिवेची तीन रूपे आहेत, असे तुमचे पत्र वाचताना मला वाटत राहिले. ती उणीव म्हणजे वेगात असलेल्या शरीराला पायांच्या बळावर आवरण्याची ताकद.

सामना खेळाडूकडून नेमके काय मागतो, ते पाहू. मैदान ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. युरोपातील अव्वल महिला खेळाडूंच्या हालचाली मोजल्या गेल्या आहेत. ६० मिनिटांच्या सामन्यात त्यांची चाल-धाव मिळून साधारण ४ किलोमीटर भरते, आणि त्यातला बराच भाग चालण्याचा व संथ धावण्याचा असतो. म्हणजे तुमच्या मुली रोज पहाटे जेवढे पळतात, त्याहून कमीच अंतर सामन्यात कापायचे असते. मग दम कशाने लागतो? आपल्या गोलभोवतीच्या ६ मीटरच्या रेषेपुढे गुडघे वाकवून आडवे सरकत राहण्याने, पिव्होटला, म्हणजे त्या रेषेजवळ बचावात घुसून उभ्या राहणाऱ्या आक्रमक खेळाडूला, अंगाने अडवण्याने, पुढे झेपावून परत रेषेवर येण्याने, चेंडू हाती लागताच फास्ट ब्रेकसाठी, म्हणजे प्रतिस्पर्धी सावरण्याआधीच्या झटपट चढाईसाठी, ३० मीटर सुसाट सुटण्याने आणि तो हुकला की तेवढ्याच वेगाने मागे फिरण्याने. या प्रत्येक हालचालीला सुरुवात असते तसा शेवटही असतो, आणि तो शेवट, म्हणजे धावते शरीर दोन पावलांत रोखणे, हाच स्नायूंना सर्वांत महाग पडतो. त्या क्षणी मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. ज्यांनी डोंगर उतरून येण्याचा अनुभव घेतला आहे त्यांना ठाऊक असते की चढताना छाती भरून येते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे. हँडबॉलचा सामना पायांसाठी असा शेकडो छोट्या उतारांचा असतो, आणि सरळ रस्त्यावरच्या एका लयीतल्या दौडीत असा उतार एकदाही येत नाही.

या सवयीवाचून मैदानात उतरलेल्या मुलीचे ४०व्या मिनिटाला काय होते, ते तुम्ही स्वतः पाहिले असेलच. श्वास बहुधा पुरा असतो, मात्र मांड्या ऐकत नाहीत. ती आक्रमक खेळाडूसमोर अर्धे पाऊल उशिरा पोहोचते. पाय पोहोचले नाहीत म्हणून हात पुढे करते. पंच २ मिनिटांसाठी बाहेर बसवतात आणि बाकीच्या पाचजणींवर सहाजणींचे काम पडते. तीच मुलगी जंप शॉट मारून एका पायावर उतरते तेव्हा मांडीने तोलायचा भार गुडघ्याच्या सांध्यावर येतो आणि गुडघा आतल्या बाजूला कोसळतो. सामना हरण्याचे आणि गुडघा मुरगळण्याचे कारण असे एका ठिकाणी येते.

गुडघ्याच्या बाबतीत नॉर्वेचा दाखला देते, कारण या खेळाच्या दुखापतींचा इतका चिवट अभ्यास फार थोड्या देशांनी केला असेल. त्यांच्या महिला संघाने २००८, २०१२ आणि २०२४ अशा तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले, पण त्याच देशात एसीएल तुटलेल्या हँडबॉलपटू मुलींची संख्या ही मोठी चिंता होती. तेथील संशोधकांनी २० दुखापतींच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहिल्या. बहुतेक वेळा समोरची खेळाडू गुडघ्यावर आदळलेली नव्हती; हुलकावणी देण्यासाठी पाय रोवून वळताना किंवा उडीनंतर एका पायावर उतरताना, गुडघा जवळजवळ सरळ असताना आतल्या बाजूला झुकला होता. पुढे २००२-०३च्या हंगामात १५ ते १७ वयाच्या, म्हणजे तुमच्याच मुलींच्या वयाच्या, १,८०० हून अधिक खेळाडूंवर एक प्रयोग झाला. १२० संघांपैकी निम्म्यांना १५ ते २० मिनिटांचा ठरावीक वॉर्मअप दिला गेला : धावता धावता थांबणे व वळणे, उडी मारून नीट उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे आणि मांड्यांची ताकद. सुरुवातीला सलग १५ सरावांत आणि नंतर आठवड्यातून एकदा, एवढाच तो कार्यक्रम होता. हंगामाच्या शेवटी त्या संघांमध्ये गुडघ्याच्या आणि घोट्याच्या अचानक होणाऱ्या दुखापती दुसऱ्या गटाच्या सुमारे निम्म्या होत्या. या प्रयोगासाठी जिम लागली नव्हती. लागले होते ते मुख्यतः प्रशिक्षकाचे बारीक लक्ष.

तेव्हा उद्या पहाटे रस्त्यावर न जाता मैदानावर या आणि अगदी पहिल्या इयत्तेपासून सुरुवात करा. मुलींना जागच्या जागी दोन्ही पायांवर उडी मारायला सांगा, आणि उतरल्यावर ३ सेकंद मूर्तीसारखे स्थिर राहायला सांगा. एकच सूचना द्या : उतरल्याचा आवाज येता कामा नये. या एका सूचनेने गुडघे आपोआप वाकतात, कंबर मागे जाते आणि भार मांड्या-पुठ्ठ्यांवर येतो. तुम्ही समोर उभ्या राहा आणि फक्त गुडघे बघा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत असावा. तो आत वळत असेल तर त्या मुलीला पुढच्या पायरीवर नेऊ नका. मोबाइलवर समोरून चित्रण करून दाखवले तर शंभर वेळा सांगूनही जे कळत नाही ते मुलींना एकदा पाहून कळते. हे साधले की पुढे पाऊल टाकून उडी, मग अर्धवट वळून उडी, मग हवेत असताना मैत्रिणीने खांद्याला हलका धक्का द्यायचा आणि तरीही बिनआवाज उतरायचे. आणि सर्वांत शेवटी हाती चेंडू देऊन खरा जंप शॉट. त्यातही जिथे जागा मिळेल तिथे दोन्ही पायांवर उतरण्याची सवय लावा. हुलकावणी देताना एक लांब टांग टाकून पाय रोवण्याऐवजी दोन छोटी, झटपट पावले टाकून पाय शरीराच्या खालीच ठेवायला शिकवा. नियमाने ३ पावले मिळतात. त्यांचा उपयोग वेग वाढवायला होतो तसाच तो आवरायलाही व्हावा.

एका पायावरच्या कामासाठी मी तुम्हाला परदेशी साधने सुचवणार नाही, कारण आपल्याकडे लंगडी आहे. लंगडी म्हणजे एका पायावर उतरणे, थांबणे आणि वळणे यांचा फार चांगला सराव आहे. फक्त दोन गोष्टी बदला : प्रत्येक पाचव्या उडीला ३ सेकंद स्थिर राहायचे, आणि डाव्या-उजव्या पायाच्या उड्या मोजून सारख्या ठेवायच्या, कारण लंगडी घालताना प्रत्येक मुलगी नकळत आपल्या आवडत्या पायावरच जाते. खो-खोही तसाच कामाला येतो. पाटीवर बसलेल्या स्थितीतून ‘खो’ ऐकताच उठून १० मीटर सुटणे हा फास्ट ब्रेकच्या पहिल्या चार पावलांसाठी उत्तम सराव आहे. ज्या मुली लहानपणी खो-खो खेळल्या आहेत त्या हँडबॉलमध्ये वळताना वेगळ्या ओळखू येतात, हे मी अनेक वर्षे पाहत आले आहे.

ताकदीचा मुद्दा पालकांशी बोलून सोडवावा लागेल आणि तो टाळू नये. वजने उचलल्याने मुलींची वाढ खुंटते या समजाला आधार नाही. जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली, सावकाश वाढवत नेलेला ताकदीचा व्यायाम या वयात सुरक्षित आहे आणि हाडांसाठी हितकारकही आहे. पालकसभेत त्यांना दोन गोष्टी सांगा. उडी मारून उतरताना मुलीच्या पायावर तिच्या वजनाच्या कित्येक पट भार क्षणभर येतो, तेव्हा भार तर ती रोज उचलतेच आहे. आपण तिला तो पेलायला तयार करत आहोत. आणि ज्या घरांतल्या मुली १० लिटरची भरलेली घागर कमरेवर घेऊन येतात, त्या घरांनी १० किलोच्या वाळूच्या पिशवीला घाबरण्याचे कारण नाही.

आठवड्यातून दोनदा, अर्धा-पाऊण तास, एवढे पुरेसे आहे. बैठका घालताना खाली जायला ३ सेकंद लावायचे, कारण आपल्याला ताकद हवी आहे ती आवरण्याची. घाईने मारलेल्या शंभर बैठकांपेक्षा अशा १० बैठकांचे ३ फेरे अधिक काम करतात. दोन आठवड्यांनी छातीशी वाळूची पिशवी धरून त्याच बैठका. एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणे, शाळेच्या कट्ट्यावर एका पायाने चढून सावकाश उतरणे, टाचा उचलणे, कोपरांवर फळीसारखे स्थिर राहणे आणि दंड. ज्यांना पूर्ण दंड जमत नाहीत त्यांनी गुडघे टेकून मारले तरी चालतील, मात्र कंबर लोंबू देऊ नये. यांखेरीज एक व्यायाम मी कधीच गाळू देणार नाही : मुलीने गुडघ्यांवर उभे राहायचे, मैत्रिणीने मागून घोटे घट्ट धरायचे, आणि कमरेत न वाकता शरीर जितके सावकाश पुढे सोडता येईल तितके सोडून शेवटी हातांवर झेलायचे. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी, जे एसीएलचे खरे सोबती आहेत, याच्या तोडीचा बिनखर्ची व्यायाम मला माहीत नाही. सुरुवात ५ वेळांनी करा. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, हे मुलींना आधीच सांगून ठेवा.

दमसासाचे काम सोडायचे नाही, फक्त त्याचा आकार सामन्यासारखा करायचा. मार्टिन बुशहाईट या फ्रेंच संशोधकाने हँडबॉलसारख्या खेळांसाठी एक चाचणी तयार केली आहे, आणि ती तुमच्या मैदानावर घेता येते, कारण तिची लांबी ४० मीटरच आहे. ३० सेकंद धावायचे, १५ सेकंद चालायचे. सुरुवात ताशी ८ किलोमीटर वेगाने आणि प्रत्येक फेरीला अर्ध्या किलोमीटरने वाढ. वेग ध्वनिफितीवरच्या ठोक्यांनी कळतो. मुलगी ज्या वेगाला थकून थांबते, त्या वेगावरून तिचा सराव ठरतो. समजा ती ताशी १६ किलोमीटरपर्यंत गेली, तर त्याच्या ९५ टक्के वेगाने १५ सेकंदांत सुमारे ६३ मीटर होतात; मध्ये एकदा वळावे लागते म्हणून ३ मीटर कमी धरा, म्हणजे ३० मीटर जाऊन परत येणे. १५ सेकंद अशी धाव आणि १५ सेकंद विश्रांती, असे ८ मिनिटे. मग ४ मिनिटे थांबून पुन्हा ८ मिनिटे. आठवड्यातून एकदा एवढे केले की पाच किलोमीटरच्या दौडीची उणीव भासणार नाही. मुलींची ताकद सारखी नसते, म्हणून प्रत्येकीची वळण्याची खूण वेगळी ठेवा. सगळ्यांना एकाच रेषेपर्यंत पळवले की वेगवान मुलगी आरामात राहते आणि संथ मुलगी मोडते. आठवड्यातला दुसरा दिवस खेळातूनच दम वाढवण्याचा असावा. पूर्ण मैदानावर तिघी विरुद्ध तिघी, ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणे) बंद, गोल होताच लगेच पुढचा चेंडू सुरू, ३ मिनिटे खेळ आणि २ मिनिटे विश्रांती, असे ५ ते ६ डाव. यात पळणे, थांबणे, वळणे आणि दमलेल्या डोक्याने अचूक पास देणे हे सगळे एकत्र येते. गोलरक्षक मुलीला मात्र यातून वेगळे काढा. तिला झेप, आडवी सरक आणि नितंबांची लवचीकता हवी असते.

कर्णधाराच्या खांद्याविषयी मला जरा विस्ताराने लिहायचे आहे, कारण चांगल्या खेळाडूचा खांदा बहुधा ती चांगली आहे म्हणूनच दुखू लागतो. संघ तिच्यावर विसंबतो, प्रत्येक फेक तिच्याकडे जाते, आणि ती नाही म्हणत नाही. मे महिन्याची सुट्टी संपली आणि जूनमध्ये रोज दीड तासाचा सराव एकदम सुरू झाला, असे तुमच्या पत्रावरून दिसते. डेन्मार्कमध्ये १४ ते १८ वयाच्या ६७९ हँडबॉलपटूंची ३१ आठवडे नोंद ठेवली गेली. ज्या आठवड्यात एखाद्या खेळाडूचा सराव तिच्या मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीपेक्षा ६० टक्क्यांहून अधिक वाढला, त्यानंतर खांद्याच्या दुखापतीचा धोका जवळजवळ दुप्पट झाला. ज्यांच्या खांद्याचे बाहेरच्या बाजूला फिरवणारे स्नायू कमकुवत होते, त्यांना याहून कमी वाढही बाधली. हे स्नायू म्हणजे हाताचे ब्रेक. चेंडू सुटल्यानंतर प्रचंड वेगाने पुढे गेलेला हात तेच आवरतात. पाहा, इथेही गोष्ट थांबण्याचीच आहे.

दोन आठवडे तिची जोरदार फेक पूर्ण बंद ठेवा. पळणे, बचाव आणि हलके पास चालू राहू द्या. रात्री खांदा दुखून झोपमोड होत असेल, हात डोक्यावर नेता येत नसेल किंवा खांदा निसटल्यासारखा वाटत असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. तसे नसेल तर सायकलची जुनी ट्यूब आणा. ती खांबाला बांधून, कोपर बरगडीला टेकवून, कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये घडी केलेला रुमाल धरून हात सावकाश बाहेर फिरवायचा आणि त्याहून सावकाश परत आणायचा. १५ वेळा, ३ फेरे. दुखणे नसेल तर तिसऱ्या आठवड्यापासून हाच व्यायाम कोपर खांद्याच्या उंचीवर ठेवून. दंड मारताना वर आल्यावर पाठ थोडी आणखी वर ढकलायची, म्हणजे खांद्याची पाती छातीला धरून ठेवणारे स्नायू जागे होतात. आणि कुशीवर झोपून वरचा हात मागे नेत पाठीचा वरचा भाग उलगडायचा, कारण पाठ फिरली नाही की तो फिरवण्याचा भार खांदा एकटा उचलतो. हे १० मिनिटांचे काम आठवड्यातून तीनदा केवळ तिच्यासाठी नव्हे, सगळ्या संघासाठी ठेवा. नॉर्वेतल्या ४५ संघांच्या ६६० खेळाडूंपैकी सुमारे निम्म्यांनी अशाच स्वरूपाचा वॉर्मअप हंगामभर केला तेव्हा त्यांच्यात खांद्याच्या तक्रारींचा धोका बाकीच्यांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी आढळला होता.

आणखी एक साधी गोष्ट आजच तपासा. तुमच्या जाळीत असलेल्या चेंडूंवर कोणता आकडा आहे? १४ वर्षांवरील मुलींसाठी २ क्रमांकाचा चेंडू असतो, घेर ५४ ते ५६ सेंटिमीटर आणि वजन ३२५ ते ३७५ ग्रॅम. पुरुषांचा ३ क्रमांकाचा चेंडू ४२५ ते ४७५ ग्रॅमचा असतो, आणि मुलांचे जुने चेंडू मुलींच्या सरावाला वापरले जाताना मी पुष्कळ शाळांत पाहिले आहे. १०० ग्रॅमचा हा फरक एका फेकीत जाणवत नाही, पण दिवसाच्या दोनशे फेकींत खांदा तो मोजतो. तंत्राकडेही लक्ष द्या. उभ्याने मारलेल्या फेकीचा जोर जमिनीतून येतो. पुढचा पाय घट्ट रोवला की वेग कंबर, धड, खांदा आणि मनगट असा वर चढतो. तो पाय डळमळीत असेल तर उरलेली सगळी मेहनत हाताला करावी लागते. म्हणून मांड्यांचे व्यायाम हा खांद्यावरचाही उपचार आहे, असे तिला सांगा. नाहीतर ती ते दिवस बुडवेल.

हे सगळे किती वाढवायचे, याचा हिशेब वहीत ठेवावा. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येक मुलीला विचारा की आजचा सराव ० ते १० मध्ये किती जड गेला, आणि तो आकडा मिनिटांनी गुणा. ९० मिनिटांचा सराव ७ इतका जड गेला तर ६३० झाले. आठवड्याची बेरीज मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहा आणि वाढ साधारण १० ते २० टक्क्यांच्या आत ठेवा. मुलीचा आकडा एकाएकी चढला आणि सराव तोच असेल, तर कारण घरी, झोपेत किंवा ताटात शोधायचे असते.

ताटाचा विषय निघालाच आहे, तर मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी शंका स्पष्टच लिहिते. तुमच्या मुलींचे हिमोग्लोबिन तपासले आहे का? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. बारा-तेरा मुलींच्या संघातल्या निम्म्या मुली या गणतीत असण्याची शक्यता आहे, आणि ज्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताच कमी आहे त्याला कोणताही सराव पुरा पडत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्यांची तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टरांचे उपचार हवेत; आणि शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली खरोखर गिळतात की खिशात ठेवतात, हे तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. जेवणाबरोबर आणि लगेच नंतर चहा नको, कारण तो लोह शोषू देत नाही; लिंबू मात्र हवे. पहाटेच्या सरावाला उपाशीपोटी येणे बंद करा. एक केळे किंवा अर्धी भाकरी तरी पोटात असावी, आणि सराव संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात भिजवलेले हरभरे, शेंगदाण्याचा लाडू, दूध किंवा उकडलेली अंडी असे काही मिळावे. ज्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तिच्याशी तुम्ही स्त्री म्हणून मोकळेपणी बोला आणि तिला डॉक्टरांकडे पाठवा. कमी खाऊन जास्त पळणाऱ्या मुलींमध्ये ही खूण हाडांच्या दुखापतीच्या आधी दिसते.

आता १० आठवड्यांची मांडणी. पहिले ४ आठवडे पहाटे फक्त तीन दिवस बोलवा : दोन दिवस ताकद, एक दिवस धावणे, बाकीच्या पहाटे मुलींना झोपू द्या, कारण वाढत्या वयातल्या मुलीला ८ ते १० तास झोप लागते आणि पाचला उठवून ती आपण कापत असतो. संध्याकाळच्या प्रत्येक सरावाची पहिली २० मिनिटे उतरणे, थांबणे आणि वळणे यांची, आणि ती पावसाने मैदान चिखलमय झाले तर व्हरांड्यातही होतात. पाचव्या आठवड्यापासून उड्या मोठ्या करा, वाळूच्या पिशव्या जड करा, तिघी-तिघींचे डाव वाढवा. आठव्या आठवड्यात एकाच दिवशी दोन सराव सामने ठेवा, कारण स्पर्धेत तशी वेळ येऊ शकते. शक्य असेल तर त्यातला एक सिमेंटच्या किंवा लाकडी मैदानावर घ्या. मुरमाच्या मैदानावर पाय थोडा घसरतो आणि भार सुटतो. कठीण मैदानावर बूट घट्ट पकडतो आणि तोच भार गुडघ्यात जातो. ज्या मुलींनी ही पकड स्पर्धेच्या दिवशीच पहिल्यांदा अनुभवली, त्यांची मला नेहमी भीती वाटते. शेवटच्या १० दिवसांत सरावाचा वेळ जवळजवळ निम्मा करा, वेग मात्र कमी करू नका. त्या दिवसांत मुली उड्या मारत मैदानावर येतील आणि तुम्हाला वाटेल की आणखी थोडे पळवून घ्यावे. तो मोह आवरा.

राहता राहिला तो उत्तरार्ध. हँडबॉलमध्ये खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, त्यासाठी खेळ थांबवावा लागत नाही, आणि तरीही शालेय स्पर्धांत पुष्कळ संघ त्याच सातजणींना शेवटपर्यंत उभे ठेवतात. तुमच्या बाकावरच्या मुलींना आतापासून एकेक नेमके काम द्या. एकीने केवळ बचावात उतरायचे, दुसरीने विंगवर (मैदानाच्या कडेच्या जागी) पूर्वार्धाची शेवटची १० मिनिटे खेळायची, तिसरीने पिव्होटला विश्रांती द्यायची. आक्रमण संपताच बदल करण्याची धावपळ सरावातच बसवा, म्हणजे सामन्यात चुकीच्या बदलाची शिक्षा होणार नाही. आणि कर्णधाराला, तिचा खांदा बरा झाला असला तरी, पूर्वार्धात ७-८ मिनिटे बाहेर बसवा. संघ २ गोलांनी पुढे असताना हे करणे अवघड जाईल आणि प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडेलही; पण त्या ७-८ मिनिटांत तिला पाणी पाजा, पाय मोकळे करायला लावा, आणि ४०व्या मिनिटाला ती कोणत्या बाजूने आत येणार आहे ते तिच्याशी बोलून ठेवा.